गुन्ह्याच्या बातमीत वर्ण, जात, देश कधी लिहायचा?

नदीकाठ

आमच्या गावातल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गाव बोस्टनच्या पश्चिमेला, ग्रुपवर साधारण दीडशे घरं. हिवाळ्याच्या सुरुवातीला आपल्या लोकांच्या दोन घरी घरफोडी झाली, दोन्हीकडे सोनं गेलं. लग्नातले दागिने, सासूबाईंच्या पाटल्या. माणसं हादरली, ते साहजिकच आहे. त्या रात्रीपासून दारावरच्या कॅमेऱ्यातले फोटो ग्रुपवर येऊ लागले. चौथ्या दिवशी एक फोटो आला: हुडी घातलेला एक कृष्णवर्णीय मुलगा, हातात वही. खाली लिहिलं होतं, "हाच पाळत ठेवतोय, कोणीतरी ९११ ला कळवा."

तो मुलगा शाळेच्या बँडसाठी वर्गणी गोळा करत होता. माझ्या मुलीच्या वर्गात आहे, ट्रम्पेट वाजवतो. आमच्याही दारात येऊन गेला होता, वहीत माझं नाव आणि दहा डॉलर असं त्याने माझ्यासमोर लिहून घेतलं होतं. मी ग्रुपवर तसं सांगितलं. फोटो काढला गेला. पण ज्यांनी टाकला होता त्यांनी लिहिलं, "सॉरी, पण बातम्यांत रोज तेच दिसतं ना."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

बोस्टनने या वाक्याची किंमत मोजलेली आहे. २३ ऑक्टोबर १९८९. चार्ल्स स्टुअर्ट हा गोरा तरुण आणि त्याची गरोदर बायको रुग्णालयातला बाळंतपणाचा वर्ग आटोपून गाडीने निघाले. थोड्या वेळाने त्याने गाडीतल्या फोनवरून मदत मागितली: एका कृष्णवर्णीय माणसाने गाडीत घुसून दोघांवर गोळ्या झाडल्या. आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना, तेव्हा कुठल्या गाडीचा सायरन फोनमधून ऐकू येतो त्यावरून पोलिसांनी त्यांचा माग काढला. त्या रात्री एका टीव्ही कार्यक्रमाचे कॅमेरे रुग्णवाहिकेच्या लोकांबरोबर फिरत होते, त्यामुळे ते रक्तबंबाळ जोडपं देशभर दिसलं. बायको त्याच रात्री गेली. सिझेरियन करून काढलेलं बाळ सतरा दिवस जगलं.

मग मिशन हिल भागात पोलीस उतरले. दिसेल त्या कृष्णवर्णीय पोराला भिंतीला उभं करून झडती, काहींना भर रस्त्यात पँट उतरवायला लावली. वर्तमानपत्रं आणि वाहिन्या रोज नवऱ्याची कहाणी पुढे चालवत होत्या. डिसेंबरअखेर एका कृष्णवर्णीय माणसाला ओळखपरेडला उभं केलं आणि स्टुअर्टने त्याच्याकडे बोट दाखवलं. ३ जानेवारी १९९० ला स्टुअर्टच्या धाकट्या भावाने पोलिसांपुढे तोंड उघडलं. गोळ्या नवऱ्यानेच झाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ल्स स्टुअर्टने टोबिन पुलावरून नदीत उडी मारली.

ओळखपरेडमधला तो माणूस आणि त्याच्या आधी पकडलेला आणखी एक, अशा ज्या दोघांना संशयित म्हणून गोवलं गेलं, त्यांची शहरातर्फे जाहीर माफी मागितली गेली ती डिसेंबर २०२३ मध्ये, महापौर मिशेल वू यांच्याकडून. चौतीस वर्षांनी. एवढ्या काळात एक पिढी वाढून तिला मुलं झाली.

इथली मोठी वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेस आपल्या बातमीदारांना सांगते की वर्णाचा उल्लेख बातमीशी संबंध असेल तरच करा. फरार माणसाचं वर्णन द्यायचं तर उंची, कपडे, व्रण, गाडी असं सगळं असावं आणि त्यात वर्ण एक. नुसतं "विशीतला काळा माणूस" म्हटलं की अर्ध्या वस्तीचं वर्णन झालं. मला हे पटतं. वर्ण, जात, देश यांपैकी काहीही लिहायचं असेल तर त्याने वाचकाला काहीतरी कळलं पाहिजे. नुसता धाक बसत असेल तर ते लिहू नये.

तुमच्याकडे काय होतं, ते लिहा. विशेषतः जे वृत्तपत्रांत काम करतात त्यांनी.

पेठकर

मी उलट बाजूने लिहितो, राग नसावा. वाचक म्हणून मला पूर्ण माहिती हवी. अमुक गोष्ट तुम्हाला झेपणार नाही म्हणून सांगत नाही, असं संपादकाने ठरवलं की मी त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडतो आणि माहिती फॉरवर्डमधून घेतो. तिथे तर काहीच गाळलेलं नसतं, उलट भर घातलेली असते. लपवाछपवीने पूर्वग्रह कमी होतो हे मला मान्य नाही.

आणि नदीकाठ, तुमच्याच उदाहरणात एक अडचण आहे. मी हे प्रकरण पूर्वी वाचलंय. स्टुअर्टने नुसतं "काळा माणूस" म्हटलं नव्हतं. काळा जॉगिंग सूट, त्यावर लाल पट्टे, घोगरा आवाज, इतकं तपशीलवार सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही दिलेला नियम पाळला असता तरी बातमी तशीच छापून आली असती.

नदीकाठ

पेठकर, हा मुद्दा बिनतोड आहे. मी लिहिताना तो माझ्या लक्षात आला नव्हता.

मग मला वाटतं प्रश्न आणखी अलीकडे सुरू होतो: हे सांगतंय कोण? बायकोचा खून झाला की कुठलाही तपास अधिकारी आधी नवऱ्याकडे बघतो. इथे नवऱ्याचा एक शब्द सगळ्यांनी उचलला, कारण तो शब्द आधीच डोक्यात बसलेला होता. १९९४ मध्ये साउथ कॅरोलिनात एका बाईने सांगितलं की कृष्णवर्णीय माणसाने माझी गाडी पळवली, दोन लहान मुलं आत आहेत. रेखाचित्र निघालं, ते देशभर फिरलं, आणि नऊ दिवसांनी तिने कबूल केलं की गाडी तिनेच तळ्यात सोडली होती. दोघांनाही ठाऊक होतं की कोणावर ढकललं की प्रश्न विचारले जाणार नाहीत. आणि ते त्यांना रोजच्या बातम्यांनीच शिकवलेलं होतं.

जुना_उपसंपादक

एकवीस वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली. आता निवृत्त आहे. वृत्तपत्राचं नाव सांगत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही.

रात्री साडेनऊच्या सुमाराला एसपी ऑफिसची प्रेस नोट यायची. सोबत फोटो: पाच जण उकिडवे बसलेले, तोंडावर काळे बुरखे, मागे स्थानिक गुन्हे शाखेचे अधिकारी छाती काढून उभे. नोटेत पहिल्याच ओळीत आरोपींची जमात. बातमीदार ती नोट जशीच्या तशी टाईप करून पाठवायचा, आणि मी मथळा द्यायचो, "पारधी टोळी जेरबंद". दोन कॉलमांत नेमका बसायचा. असे मथळे मी शंभराहून जास्त दिले असतील.

आता हे ऐका. त्याच पानावर वाळू उपशातून झालेल्या खुनाची बातमी असायची. आरोपी गावातल्या बड्या घरातले, सगळ्यांना जात माहीत. मथळा काय? "चौघांना अटक". कधी "तरुणांना अटक". एकदाही माझ्या हातून तिथे जात लिहिली गेली नाही. कोणी बजावलं नव्हतं. हातच तसा वळायचा. प्रेस नोटेतही त्यांच्या नावापुढे जात नसायची. म्हणजे पोलिसांनी एकाची जमात लिहिली, दुसऱ्याची गाळली, आणि मी दोन्ही वेळा त्यांचंच ऐकलं.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की एखाद्या जातीला कमीपणा येईल अशा तऱ्हेने व्यक्तीची जात छापणं टाळावं. ती पुस्तिका आमच्या कपाटात होती. पान लावताना ती कोणी उघडली नाही, मीही नाही.

आणखी एक. बातमी अटकेची यायची. आरोपपत्र दाखल झालं का, खटला उभा राहिला का, सुटले का, यातलं काही यायचं नाही. अटकेची नोट पोलीस पाठवतात. सुटकेची नोट पाठवणारं कोणीच नसतं.

रानवाट

काका, तुम्ही उघड लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी पारधी समाजातली आहे. आश्रमशाळेत शिक्षिका आहे.

मी नववीत असताना सरकारी वसतिगृहात राहायचे. तिथे एक पेपर यायचा, मुली शब्दकोड्यासाठी भांडायच्या. एका सकाळी त्यात आमच्या तालुक्यातली बातमी होती, "फासेपारधी टोळीतील तिघे ताब्यात". नावांत माझे वडील. दादा सांगत होता की त्या रात्री ते पालावरच होते, माझ्या आजीला ताप होता. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालावर येते, हे आम्हाला लहानपणापासून पाठ.

माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी माझी मैत्रीण होती. तिची पत्र्याची ट्रंक कायम उघडी असायची, मी त्यातलं तेल घ्यायचे, ती माझी फणी घ्यायची. त्या दिवशी संध्याकाळी ट्रंकेला कुलूप होतं. ती मला काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही. वर्षभर ते कुलूप तसंच राहिलं.

वडील चार महिन्यांनी सुटले. त्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही. ते कुठे छापून आलं नाही, त्यामुळे कुलूपही निघालं नाही.

पेठकर दादा, तुम्ही म्हणता वाचकाला पूर्ण माहिती हवी. "पारधी" या शब्दाने त्या बातमीत तुम्हाला काय माहिती मिळाली? चोरी कशी झाली, काय गेलं, पुरावा काय, यातलं काही त्या शब्दात नव्हतं. त्या शब्दात फक्त १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता, अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. मथळ्यांमध्ये तो अजून लागू आहे.

अबोली२२

रानवाट ताई, वाचून गलबललं. ते कुलूप डोळ्यासमोरून हलत नाही.

राईनतीर

मी कोलोन शहराजवळ राहतो, म्हणून इथलं सांगतो. २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोलोनच्या मुख्य स्टेशनबाहेर शेकडो बायकांशी लैंगिक गैरवर्तन झालं, चोऱ्या झाल्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले बरेच होते. पहिले काही दिवस राष्ट्रीय माध्यमं गप्प होती. झेडडीएफ या लोकांकडून घेतलेल्या शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक वाहिनीने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या बातम्यांत विषयच घेतला नाही आणि नंतर चूक झाली म्हणून कबूल केलं. माझे जर्मन सहकारी तोवर डाव्या विचारांचे, तेही म्हणू लागले की आपल्यापासून लपवलं. पेठकर म्हणतात तो विश्वासाचा मुद्दा मी इथे घडताना पाहिला आहे.

इथल्या प्रेस कौन्सिलच्या संहितेत कलम १२.१ आहे. आरोपी कुठल्या वांशिक किंवा धार्मिक गटातला आहे हे गुन्हा समजायला गरजेचं असेल तरच लिहा, असा त्याचा आधीचा अर्थ. मार्च २०१७ मध्ये ते बदललं: रास्त सार्वजनिक हित असेल तर लिहा, पण निव्वळ कुतूहल म्हणजे सार्वजनिक हित नव्हे.

मला सगळ्यात विचार करायला लावलं ते ड्रेस्डेनच्या 'झेक्सिशे त्साइटुंग' या वृत्तपत्राने. त्यांनी २०१६ मध्ये ठरवलं की गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं राष्ट्रीयत्व दरवेळी लिहायचं, तो जर्मन असला तरीही. कारण वाचकांचा समज झाला होता की देश लिहिला नसेल तर परकाच असणार. सगळ्यांचं लिहिलं की दिसतं, बहुतेक गुन्हे इथल्याच माणसांचे आहेत.

पेठकर

हे मला पटतं. लिहायचं तर सगळ्यांचं. उपसंपादक काकांनी वाळूवाल्यांचीही जात छापली असती तर माझी तक्रार नव्हती.

जुना_उपसंपादक

पेठकर, जर्मनीत देश छापणं आणि आपल्याकडे जात छापणं यात फरक आहे. बड्या जातीचं नाव छापलं तर त्या जातीच्या मुलाला कोणी भाड्याने खोली नाकारत नाही. पारधी छापलं तर अख्ख्या पालाला गावातून उठवतात. समान लिहिलं तरी मार समान बसत नाही.

मँचेस्टरकर

दोन्ही बाजूंना बळ देणारं उदाहरण इंग्लंडमधलं. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. आरोपी अठराच्या आतला, त्यामुळे नाव जाहीर करता येत नव्हतं. तेवढ्यात एक बनावट मुसलमानी नाव आणि "होडीतून आलेला निर्वासित" अशी अफवा पसरली. दुसऱ्याच दिवशी मशिदीवर दगडफेक. प्रत्यक्षात मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव उघड करायला परवानगी दिली, तरी दंगली पसरत गेल्या. आमच्या मराठी मंडळाने त्या आठवड्यातला कार्यक्रम रद्द केला, कारण बायका साडी नेसून बसमधून यायला घाबरत होत्या.

मे २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या विजयी मिरवणुकीत गाडी घुसली तेव्हा पोलिसांनी काही तासांतच सांगून टाकलं, ५३ वर्षांचा गोरा ब्रिटिश माणूस. अफवा तिथेच थांबली. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचनाच आली की गंभीर प्रकरणात आरोप ठेवल्यावर वंश आणि राष्ट्रीयत्व जाहीर करण्याचा विचार करा. पण मला काळजी वेगळीच आहे. आरोपी गोरा निघाला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या वेळी नसेल तेव्हा?

अबोली२२

मी भंडाऱ्याची. न लिहिण्याचंही पाप असतं, ते सांगायला हवं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांचा संशय, गावकऱ्यांचा संताप, असा सूर होता. कुटुंब दलित आहे, जमिनीचा वाद आहे, हे वर यायला कितीतरी दिवस गेले. मोर्चे निघाले ते महिनाभराने. तिथे जात हेच गुन्ह्याचं कारण होतं आणि नेमकी तीच गाळली गेली. म्हणजे आरोपी दुबळा असला की जात मथळ्यात, आणि मेलेला दुबळा असला की जात गायब.

नदीकाठ

अबोली, हे तू अगदी नेमकं मांडलंस. आता मी माझं वाक्य दुरुस्त करते. ओळख गुन्ह्याचं कारण असेल तर ती लिहायलाच हवी, पहिल्या परिच्छेदात. फरार माणूस सापडायला मदत होत असेल तर बाकी तपशिलासह लिहावी. अफवा पेटली असेल तर ती विझवायला लिहावी. उरलेल्या वेळी ती का लिहिली, हे लिहिणाऱ्याला विचारावं.

आणि आपण भारतीय या सगळ्यापासून लांब आहोत असं ग्रुपवरच्या लोकांना वाटतं, म्हणून त्यांना एक घटना सांगितली. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. गुजरातमधून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी फुटपाथवर फिरत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला: एक किडकिडीत काळा माणूस हिंडतोय. पोलीस आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आपटलं की मानेला इजा होऊन ते अंशतः लुळे पडले. नातवाला सांभाळायला आले होते. फोन करणाऱ्याच्या डोळ्याला आपला माणूसही "काळा"च दिसला. दारावरच्या कॅमेऱ्यातही तसाच दिसतो.

शेजाऱ्यांसाठीचं नेक्स्टडोअर अ‍ॅप आहे ना, त्यावर ओकलंडमध्ये अशाच तक्रारी झाल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांनी फॉर्म बदलला. वर्ण लिहिलात तर केस, कपडे, बूट असे इतर तपशीलही भरायचे, नाहीतर पोस्ट पुढे जात नाही. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तशा पोस्ट ७५ टक्क्यांनी घटल्या. वृत्तपत्राच्या डेस्कवरही असं काही करता येणार नाही का?

रानवाट

ताई, फोन करणाऱ्याच्या डोळ्याला काय दिसतं, तेच राईनपाड्याला झालं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फिरत होते. बाजाराच्या दिवशी त्यांना ठेचून मारलं. त्यांच्या अंगावरचे कपडे आणि झोळी एवढंच लोकांनी पाहिलं.

एक चांगली गोष्टही सांगते, मुलांनाही सांगितली आहे. तुरुंगात कैद्यांना जातीवरून कामं वाटली जातात, विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजलं जातं, यावर सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी बातम्या केल्या आणि त्याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं की तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढा. म्हणजे एक बातमी हेही करू शकते.

पेठकर

रानवाट ताई, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. दोन दिवस विचार केला. त्या शब्दाने मला काही माहिती मिळाली नसती. मला फक्त वाटलं असतं की माहिती मिळाली. लपवू नका हे माझं मत कायम आहे, पण सुटकेची बातमी न देणं ही सगळ्यात मोठी लपवाछपवी आहे, आणि तिच्याबद्दल मी आजवर कधी तक्रार केली नाही.

जुना_उपसंपादक

काल माझ्या जुन्या आवृत्तीतल्या मुलाला फोन केला. मी शिकवलेला आहे, आता रात्रपाळीचं पान तोच लावतो. हा धागा त्याला वाचून दाखवला, रानवाटताईंचं कुलूपही. तो म्हणाला, सर, आजही एक नोट आली आहे, समोरच पडली आहे, मग मथळ्यात काय लिहू? मी म्हटलं, केलं काय ते लिही, केलं कोणी ते कोर्टाला ठरवू दे. "दरोड्याच्या संशयावरून पाच अटकेत." दोन कॉलमांत मावतंय का ते त्याने फोन कानाला तसाच धरून लावून पाहिलं. अक्षरांचा पॉइंट थोडा कमी केला, बसला.

सुटकेच्या बातमीचं मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कोर्टाचा बातमीदार एकच आहे, तो तीन तालुके बघतो. दर महिन्याला जुन्या अटकांची यादी काढून पुढे काय झालं ते विचारायचं, एवढं करून बघतो म्हणाला. यादी काढायला मी बसणार आहे, माझ्याकडे वेळ आहे.

रानवाट

काका, यादी किती मागे जाणार? २००३ सालचा अंक मिळाला तर बघा. महिना श्रावण होता एवढं आठवतं, शाळेत नागपंचमीची सुट्टी नुकतीच झाली होती.